वर्षश्राद्ध, वडिलांची उसनवारी आणि आईची औषधे: आधी काय?

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या एका विवाहित ताईंचे वडील गेल्या आषाढात, कृष्ण पंचमीला, ७९व्या वर्षी आजारपणाने वारले. ७४ वर्षांची आई ताईंकडेच असते. तिचे इन्सुलिन चालू आहे आणि एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन पैशांवाचून दोनदा पुढे ढकलले गेले आहे. थोरले बंधू टोरांटोत, धाकटे पुण्यात. थोरल्यांना वर्षश्राद्ध चाणोदला नर्मदाकाठी घालायचे आहे, ५१ ब्राह्मणांचे जेवण करून. शिवाय कुणीतरी मनात भरवल्यामुळे नारायणबळीही. खर्च दीड लाखाच्या घरात. वडिलांनी एका मित्राकडून तोंडी उसने घेतलेले ८० हजार मात्र ‘कागद कुठे आहे?’ म्हणून त्यांना मान्य नाहीत. ताई विचारतात: एवढे मोठे श्राद्ध न करणे हा अधर्म होईल का? आईसाठी पैसा न पाठवणाऱ्या मुलाला श्राद्धाला बसू द्यावे का? आणि मुलगी म्हणून माझा धर्म नेमका काय?

ताई, क्रम आधी सांगतो, कारणे मागाहून. आईचे औषधपाणी पहिले, वडिलांचे देणे दुसरे, श्राद्ध तिसरे. तिसरे म्हणजे ऐच्छिक नव्हे. श्राद्ध व्हायलाच हवे, पण पहिली दोन भागल्यावर जे उरेल त्यात बसेल एवढे. आणि तसे बसवायची सोय शास्त्रानेच करून ठेवली आहे.

हा क्रम आजकालच्या सोयीसाठी लावलेला नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात दोन श्लोक लागोपाठ येतात. पहिला असा:

शक्तः परजने दाता स्वजने दुःखजीविनि।
मध्वापातो विषास्वादः स धर्मप्रतिरूपकः॥

घरची माणसे हालात असताना ऐपतदार माणूस बाहेरच्यांना दान करतो, तेव्हा ते दिसते धर्मासारखे, पण असते धर्माची नक्कल. जिभेला मध, पोटात विष. त्याच्या पुढचाच श्लोक तुमच्या घरच्या प्रसंगावर अक्षरशः बेतल्यासारखा आहे: ज्यांचे पोट आपल्यावर आहे त्यांची आबाळ करून जो और्ध्वदेहिक, म्हणजे परलोकासाठीची कर्मे करतो, त्याला ते कर्म जिवंतपणी आणि मेल्यावरही दुःखच देते. थोरल्या बंधूंना पाठवायचे असेल तर हे दोन श्लोक पाठवा. ‘आजकालची पिढी धर्म मानत नाही’ या वाक्याला आधुनिक युक्तिवादापेक्षा मनूचा आधार बरा पडतो.

आता ही सगळी कर्मे कोणत्या खणात बसतात ते पाहू, कारण गोंधळ तिथेच होतो. नित्य कर्म म्हणजे रोजचे, न केल्यास दोष लागणारे. नैमित्तिक म्हणजे निमित्त आले की करायचेच, तेही चुकवल्यास दोष. काम्य म्हणजे फळाच्या इच्छेने केलेले. ते केले नाही तर फळ मिळणार नाही, पण दोष काडीचाही नाही. आईचे भरणपोषण नित्य आहे. वडिलांचे वार्षिक श्राद्ध नैमित्तिक आहे. तीर्थक्षेत्री जाऊन मोठा समारंभ करणे काम्यात मोडते. काम्यासाठी नित्य मोडणे हे धर्मशास्त्राचे निबंधग्रंथ (संकलने) रचणाऱ्या कुठल्याही निबंधकाराला मान्य होणार नाही. आणि अहिंसा, सत्य, चोरी न करणे, दान, दया, क्षमा हे जे सर्वांचे सामान्य धर्म याज्ञवल्क्याने सांगितले आहेत, त्यांत ‘अस्तेय’ आहे. मित्राचे ८० हजार वापरून कागद नाही म्हणून गप्प बसणे कुठे जाते ते वेगळे सांगायला नको.

५१ ब्राह्मणांचे काय? इथे तर मनू सरळ नकारच देतो. श्राद्धाला देवांच्या जागी दोन आणि पितरांच्या जागी तीन जेवू घालावेत, किंवा दोन्हीकडे एकेक; माणूस कितीही सधन असला तरी विस्ताराच्या नादी लागू नये. कारणही दिले आहे. पंगत वाढली की पाच गोष्टी बिघडतात: सत्कार, जागा, वेळ, शुद्धता आणि जेवणाऱ्यांची योग्यता. हे पुस्तकी वाटते, पण तीर्थावरच्या मोठ्या श्राद्धात नेमके हेच होते. आचाऱ्याकडे स्वयंपाक सकाळी आठलाच तयार असतो. ब्राह्मण कुठून आले, कुणाला माहीत नसते. भटजींनी त्याच सकाळी आणखी दोन घरे घेतलेली असतात, म्हणून साडेनऊला पिंड पडतात आणि अकराला पाने उचललेली असतात. कर्त्याचे अर्धे लक्ष गाड्या आणि पाहुणे यांच्यात. म्हणजे खर्च दीड लाखाचा आणि श्राद्धाची वेळ चुकलेली.

वेळेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण श्राद्धात सर्वांत जास्त चूक इथेच होते. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे पाच सारखे भाग करा. चौथा भाग तो अपराह्ण. वार्षिक श्राद्ध हे पार्वण पद्धतीचे, म्हणजे तीन पिढ्यांच्या पितरांना उद्देशून केलेले, त्याला अपराह्णात असलेली तिथी लागते. दिवसाचे १५ मुहूर्त धरले तर आठवा तो कुतुप. श्राद्धाला आरंभ कुतुपात करावा. आषाढात बडोद्याला सूर्योदय सहाच्या सुमारास आणि सूर्यास्त साधारण ७ वाजून २५ मिनिटांनी. त्या हिशेबाने कुतुप दुपारी सव्वाबारा ते एक वाजून दहा, आणि अपराह्ण दोन ते पावणेपाचच्या आत. तेव्हा भटजींना ‘सकाळी लवकर उरकू’ म्हणू नका. बारापर्यंत स्वयंपाक, सव्वाबाराला संकल्प, दोनच्या पुढे पाने आणि पिंड, असे आधी ठरवून घ्या. पाहुण्यांना एकला जेवायला बोलावू नका. बोलवायचेच असेल तर चारला बोलवा किंवा दुसऱ्या दिवशी.

आईला मात्र एवढा वेळ उपाशी ठेवायचे नाही. इन्सुलिन घेतलेल्या माणसाचे जेवण दोन तास लांबले तर साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, भोवळ येते. श्राद्धाच्या दिवशी घरोघरी हेच घडते आणि मग ‘पितर कोपले’ म्हणून चर्चा होते. तिला वेगळ्या शिजवलेल्या अन्नातले नेहमीच्या वेळी वाढा. आजारी, गरोदर आणि लहान यांना अतिथींच्याही आधी, कसलाही विचार न करता जेवू घालावे असे मनूच्या तिसऱ्या अध्यायातच आहे, तेव्हा कुणी नाक मुरडले तर उत्तर तयार आहे. श्राद्धाचा म्हणून शिजलेला स्वयंपाक तेवढा पाने होईपर्यंत कुणी चाखायचा नाही. दोन चुली किंवा दोन वेळा केल्या की प्रश्नच मिटतो.

तिथीचीही एक खोच आहे. तुमच्या घरी आणि गुजरातीत महिना अमावास्येला संपतो. मोबाइलमधली बरीच पंचांगे उत्तर हिंदुस्थानी पद्धतीची, पौर्णिमेला महिना संपवणारी असतात. आपली आषाढ कृष्ण पंचमी त्यांत ‘श्रावण कृष्ण पंचमी’ म्हणून दिसते. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या नातेवाइकांशी फोनवर तिथी ठरवताना यावरून महिन्याचा घोळ होतो. अ‍ॅपमध्ये ‘अमान्त’ निवडा, शहर बडोदा ठेवा आणि पंचमी अपराह्णात आहे का, तेवढे पाहा. दोन दिवस पंचमी असेल तर ज्या दिवशी ती अपराह्णात असेल तो दिवस घ्या. महिना आणि पक्ष एकदा वहीत लिहून ठेवला की दरवर्षी फोन करायला नको.

घरच्या श्राद्धाला काय लागते? काळे तीळ १०० ग्रॅम, जव ५० ग्रॅम, दर्भाची एक जुडी, पिंडांसाठी पाव किलोपेक्षा थोडे कमी तांदूळ, गंध, पांढरी फुले, तुळस किंवा माका, मध, तूप, पत्रावळी. वडिलांच्या वार्षिकाला पिंड तीनच: वडील, आजोबा, पणजोबा. उच्चारात वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. प्रत्येकाचे नाव आणि गोत्र. देवांच्या पानाला जव आणि जानवे सव्य (डाव्या खांद्यावर), पितरांच्या पानाला तीळ आणि जानवे अपसव्य (उजव्या खांद्यावर), तोंड दक्षिणेला. तिलोदक सोडताना पाणी बोटांच्या टोकावरून सोडायचे नाही (तो देवतीर्थाचा मार्ग), तर अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून. तळहात थोडा उजवीकडे कलता केला की पाणी आपोआप त्या खाचेतून उतरते; तसा न केला तर मनगटावर येते आणि माणूस गडबडतो. आदल्या दिवशी साध्या पाण्याने दोनदा करून पाहावे, लाजण्यासारखे त्यात काही नाही.

स्वयंपाक घरात चालत आलेला तोच ठेवा: खीर, वडे, अळू, कारले, गवार, लाल भोपळा, कढी, आमसुलाची चटणी. कांदा-लसूण, मसूर नको. पिंडांचे विसर्जन वाहत्या पाण्यात करावे म्हणतात, पण त्यासाठी विश्वामित्री नदीच्या काठावर उतरू नका. एक तर पाण्याची अवस्था आपण जाणतो, दुसरे म्हणजे तिथल्या मगरींना पंचांग कळत नाही. पिंड गाईला घातलेले शास्त्रसंमत आहेत.

एवढेही जमत नसेल तर उतरती पायरी आहे. पिंडांशिवायचे सांकल्पिक श्राद्ध. त्याखाली आमश्राद्ध, म्हणजे कोरडा शिधा: एका माणसापुरते अर्धा किलो तांदूळ, तेवढीच कणीक, पाव किलो तूरडाळ, थोडे तूप, गूळ, दोन भाज्या, मीठ आणि दक्षिणा. त्याखाली हिरण्यश्राद्ध, म्हणजे नुसती रक्कम. त्याखाली तिळाचे तर्पण, गाईला चारा. आणि विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशात तर काहीच जवळ नसलेल्या माणसाने मोकळ्या जागी दोन्ही हात वर करून ‘माझ्याकडे धन नाही, मी पितरांना नमस्कार करतो, माझ्या भक्तीने ते तृप्त होवोत’ एवढे म्हटले तरी श्राद्ध झाले असे सांगितले आहे. तुमच्या घरची अवस्था एवढी वाईट नाही, पण ही पायरी आहे म्हणूनच ‘ऋण काढून सण’ करण्याला श्राद्धात सबब उरत नाही.

चाणोदचे आणखी एक. नर्मदा आणि ओरसंग यांच्या संगमामुळे ते मोठे तीर्थ आहे आणि बडोदेकर अस्थी घेऊन तिथेच जातात. पण तीर्थश्राद्ध हा वेगळा विधी आहे. त्यात आवाहन, अर्घ्य, तृप्तिप्रश्न वगैरे अंगे नसतात. तीर्थावर तीर्थश्राद्ध उरकले म्हणजे वार्षिक झाले असे होत नाही. वार्षिक घरीच करावे. सवड आणि पैसा असेल तेव्हा चाणोदला वेगळे जावे. सिद्धपूर मातृगयेचे, म्हणजे आईच्या श्राद्धाचे ठिकाण आहे. आई हयात असताना तिथे श्राद्धासाठी जायचे कारणच नाही. हे सांगावे लागते, कारण ‘जाता जाता तेही करून येऊ’ असे काही टूरवाले सुचवतात.

नारायणबळीवर फार शाई खर्च करायला नको. तो अपघात, आत्महत्या, सर्पदंश अशा दुर्मरणासाठी किंवा संन्याशासाठी सांगितलेला विधी आहे. ७९व्या वर्षी औषधोपचार घेत, घरच्यांच्या हातात गेलेल्या माणसाला तो लागत नाही. ‘पितृदोष’ हा शब्द ऐकून घाबरून पैसे मोजू नका. सांगणाऱ्याला एवढेच विचारा, निमित्त कोणते? बडोदे संस्थानाने १९१५ मध्ये पुरोहितांसाठी परीक्षा आणि परवान्याचा कायदा केला होता, तो उगीच नव्हे.

श्राद्ध कुणी करायचे? पहिल्या वर्षाच्या आतली सपिंडीपर्यंतची (मृताला पितरांत मिळवण्याच्या विधीपर्यंतची) कर्मे भाऊ विभक्त असले तरी थोरल्याने, तो दूर असेल तर जवळच्याने. वार्षिक मात्र एकत्र कुटुंबात थोरला करतो आणि भाऊ विभक्त असतील तर प्रत्येकाने आपापले करायचे. तुमचे बंधू तिन्ही त्रिकाळ वेगळ्या चुलींचे. म्हणजे टोरांटोकरांनी टोरांटोत करावे, पुणेकरांनी पुण्यात किंवा आईजवळ बडोद्यात. व्हिडिओ कॉलवर ‘मी बसलो’ असे होत नाही. बडोद्याचा आषाढातला अपराह्ण म्हणजे तिकडे पहाटेचे साडेचार ते सव्वासात. तिथे त्या वेळी श्राद्धकाळच नसतो. त्यांनी पंचांगात टोरांटो शहर घालून तिथल्या अपराह्णातली पंचमी पाहावी. ती कदाचित एक तारीख अलीकडे निघेल, त्यात काही चुकीचे नाही. भटजी मिळाला नाही तर शिधा आणि तर्पण त्यांना एकट्यालाही जमेल. फोनवरून भटजी सांगत आहेत आणि हे करत आहेत, असेही चालते. कर्ता स्वतः आहे हे महत्त्वाचे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ‘आईला पैसे देत नाही, तर श्राद्धाला बसू देणार नाही’ ही भूमिका घेऊ नका, ताई. श्राद्ध हे त्याचे वडिलांशी असलेले देणे आहे, आईचा खर्च हे दुसरे. एक थकवले म्हणून दुसरे फेडायला बंदी, असा कुठलाच न्याय नाही. उलट श्राद्ध अडवले की भांडण श्राद्धावरचे होते आणि आईचा खर्च बाजूला पडतो. पुढचे वर्षभर नातेवाईक ‘बहिणीने भावाला बसू दिले नाही’ एवढेच बोलतात. भागवताच्या सातव्या स्कंधात अधर्माच्या पाच फांद्या दिल्या आहेत. पहिली विधर्म, म्हणजे धर्म म्हणून केलेली पण आपल्याच धर्माला बाधा आणणारी गोष्ट. बाकीच्यांत दंभ येतो आणि शब्दांचा छळ, म्हणजे ओढूनताणून लावलेला अर्थही येतो. बंधूंचे ५१ पानांचे श्राद्ध पहिल्या फांदीवर आहे. रागाच्या भरात तुमची अडवणूकही त्याच झाडावर जाऊन बसेल.

तुमचा स्वतःचा अधिकार. मुलगे असताना करण्याची जबाबदारी त्यांची. ते नसतील, किंवा करणार नसतील, तर पत्नी, मुलगी, दौहित्र (मुलीचा मुलगा) यांना निबंधग्रंथांत जागा आहे. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने स्त्री-पुरोहित तयार केल्यापासून मुलीने श्राद्ध करणे मराठी घरांत अपूर्वाईचे राहिलेले नाही. तुम्ही केलेत तर संकल्पात स्वतःचे गोत्र सासरचे आणि पितरांच्या उच्चारात वडिलांचे घ्या. ही गल्लत वारंवार होते. एकच सांगतो, धाकटा भाऊ करायला तयार असेल तर त्याला करू द्या आणि तुम्ही त्या दिवशी आईजवळ राहा. दोन्हीकडे एकटीने ओढून घेतले की भावांना सुटका मिळते.

आता देण्याचे. वडिलांचे ऋण मुलांनी फेडावे हे याज्ञवल्क्य स्पष्ट सांगतो. सूट देतो ती दारू, जुगार, बाईचा नाद, दंडाची बाकी, फुकटची आश्वासने असल्या कर्जांना. मित्राकडून आजारपणासाठी घेतलेले ८० हजार या सुटीत बसत नाहीत. आजच्या कायद्यात मुलगा आहे म्हणून त्याच्या स्वतःच्या पैशातून वसुली होत नाही. ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जासाठी ते जुने कर्तव्य कायद्याने काढून टाकले आहे. वारस जबाबदार असतो तो मिळालेल्या मिळकतीपुरता. शिवाय कागद नसलेल्या उसनवारीला दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची. म्हणजे बंधू ‘कागद कुठे आहे’ म्हणतात ते कोर्टात कदाचित चालेल. धर्मात मुदत संपत नाही.

करायचे असे. वडिलांच्या पासबुकात आणि यूपीआयच्या यादीत त्या सुमाराची जमा शोधा. बऱ्याचदा तोंडी म्हणून घेतलेला पैसा खात्यातून आलेला असतो. मित्राला भेटून रक्कम, तारीख, काही परत केले होते का, हे विचारा आणि एका कागदावर उतरवा. मग वाटणीच्या आधी, वडिलांच्या ठेवीतून, धनादेशाने ते फेडा आणि पोच घ्या. वाटणी झाल्यावर चौघांकडून वीस-वीस हजार गोळा करणे म्हणजे दात काढण्याइतके सोपे काम. मित्र व्याज मागत असेल तर दामदुपटीची मर्यादा लक्षात ठेवा: एकाच वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेऊ नये हे मनूचेच बंधन आहे. बहुतेक वेळा असा मित्र मुद्दल मिळाले तरी डोळ्यांत पाणी आणतो.

वाटणीवरही दोन शब्द. वडिलांची स्वतःची मिळकत आणि मृत्युपत्र नाही असे धरले तर आई आणि तुम्ही तिघे भावंडे, चौघांना प्रत्येकी एक चतुर्थांश. ठेवीवर ज्याचे नॉमिनी म्हणून नाव तो मालक होत नाही. तो बँकेकडून रक्कम घेणारा, वाटायची ती वारसांत. बडोद्यात पेढीनामा (वारसांची वंशावळ) करून सिटी सर्व्हेत वारसाई नोंदवताना ‘आईचे नाव कशाला, पुढे परत बदलावे लागेल’ म्हणून तिच्याकडून हक्क कमीचा, म्हणजे हक्क सोडल्याचा, दस्त करून घेण्याची एक चाल आहे. बहुधा तेराव्याच्या आसपास, भाऊ परत जायच्या आधी, कागद पुढे येतो. तिच्या हातात तूप लावलेल्या पोळीचे ताट आणि बाजूला स्टँप पेपर असे चित्र असते. तुमच्याकडे अजून सही झालेली नसेल तर होऊ देऊ नका. आईचा चतुर्थांश आईच्या नावावर राहू द्या; तिच्या औषधाची ती सर्वांत भक्कम हमी आहे. तिने कधी कुणाला काही दिलेच तर ‘मला सांभाळण्याच्या अटीवर’ हे दस्तात लिहा. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली अट मोडल्यास असा दस्त रद्द करून घेता येतो. अट लिहिलेली नसेल तर काम अवघड होते.

आईच्या खर्चाची मांडणी एका पानात करा. इन्सुलिन, सुया, पट्ट्या, डॉक्टर, जेवणखाण, बाई. महिन्याचा आकडा आणि त्याखाली तीन नावे. तुमच्या नावापुढे पैसा कमी आणि राबणे जास्त असेल, ते तसेच लिहा. राबण्याला शून्य धरू नका. दर महिन्याच्या पाच तारखेला भावांनी आईच्याच खात्यात रक्कम भरावी, तुमच्या खात्यात नव्हे. त्याने दोन गोष्टी साधतात: आईला हात पसरावा लागत नाही आणि ‘बहीण पैसे खाते’ ही कुजबुज उगवत नाही. ऑपरेशनसाठी, ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्न न पाहता आयुष्मान योजनेखाली वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आधार कार्ड घेऊन तिचे कार्ड काढा आणि योजनेतल्या इस्पितळात मोतीबिंदू व लेन्स त्यात बसतात का ते आधी विचारा. दीड लाखाचा विचार करणाऱ्या घरात हे कार्ड काढलेले नसते, हे नेहमीचे.

बोलून झालेच नाही तर त्याच २००७च्या कायद्याखालच्या, प्रांत कचेरीतल्या न्यायाधिकरणाकडे आई स्वतः, किंवा तिने अधिकार दिलेले कुणी, अर्ज करू शकते. वकील लागत नाही. ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. दरमहा १० हजारांपर्यंतचा आदेश होऊ शकतो. परदेशातल्या मुलाकडून वसुली कठीण, पण पुण्याच्या मुलाला तो आदेश लागू होतो. आणि ताई, हे तुम्हालाही लागू आहे. आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी १९५६च्या कायद्याने मुलगा आणि मुलगी दोघांवरही टाकली आहे, आणि विवाहित मुलगीही त्यातून सुटत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सांगितले. तेव्हा ‘मी तर परक्या घरची, तरी करते’ हा सूर सोडा. तुम्ही उपकार करत नाही, आपला वाटा उचलत आहात. त्यामुळेच भावांकडे त्यांचा वाटा ठणकावून मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सासरच्या माणसांचेही भान ठेवा. तुमच्या सासूबाईंच्या औषधाला कात्री लावून आईचे भागवले तर वरचा मनूचा श्लोक तुमच्याच अंगावर येईल.

थोरल्या बंधूंशी बोलताना ‘तू चुकीचा’ असे सुरू करू नका. दूरच्या मुलाला मोठे श्राद्ध हवे असते त्यात बरेचदा शेवटी जवळ नव्हतो ही बोच असते, त्यावर धर्मचर्चा चालत नाही. त्यांना तीन आकडे द्या: आईचा महिन्याचा खर्च, मित्राचे ८० हजार, आणि घरी पाच पानांच्या श्राद्धाचा खर्च. आणि त्यांनी करायची एक ठोस गोष्ट सांगा. मोतीबिंदूचे ऑपरेशन वर्षश्राद्धाच्या आधी, शक्य तर ज्येष्ठात, त्यांच्या पैशाने उरकणे ही ती गोष्ट. चाणोदला आचाऱ्याला आगाऊ दिली असेल तर आताच फोन करून थांबवा. तिथीच्या जितके जवळ जाल तितकी ती परत मिळणे कठीण.

शेवटी, आषाढात वर्षश्राद्ध झाले की त्याच वर्षी भाद्रपद कृष्ण पंचमीला महालयात (पितृपक्षातल्या श्राद्धात) वडिलांचे नाव पहिल्यांदा येईल. महालयात वडिलांकडचे, आईकडचे, काका, आत्या, मामा, सासरे असे बरेच उच्चार असतात, आणि बहुतेक घरांत पणजोबांच्या नावापाशी ‘यथानाम’ म्हणून गाडी पुढे ढकलली जाते. पणजोबा-पणजींपर्यंतची नावे, गोत्र आणि ठाऊक असतील त्या तिथ्या तुमच्या घरात आता फक्त आईलाच माहीत असतील. ऑपरेशननंतरचे चार-पाच दिवस ती घरातच बसून असेल. तेव्हा वही घेऊन ती सगळी उतरवून घ्या आणि दोन्ही भावांना फोटो पाठवा.